श्रेणीच्या हाती

बेडशाच्या चैत्यगृहाच्या ओसरीत एका खोलीच्या दारावर ब्राह्मी अक्षरांची एकच ओळ आहे : 'नासिकतो अनदस सेठिस पुतस पुसणकस दानं'. नाशिकच्या आनंद शेठीचा मुलगा पुसणक, त्याचं हे दान. राजाचं नाव नाही, वर्ष नाही, किती पैसे दिले तेही नाही. इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकात केव्हातरी नाशिकच्या एका व्यापारी घराण्याचा पैसा घाटमाथ्यावर मावळात आला आणि इथल्या कातळात गुंतला, एवढं ही ओळ सांगते. पण तिच्या मागे उभ्या असलेल्या माणसांकडे पाहायला लागलं की ती ओळ आपल्याला बेडशाहून कार्ल्याला, कान्हेरीला, जुन्नरला आणि शेवटी पुन्हा नाशिकलाच घेऊन जाते.

कामशेतहून पवनेच्या बाजूला वळलं की डोंगराच्या पायथ्याशी बेडसे गाव लागतं. तिथून चारशेच्या आसपास पायऱ्या चढायच्या. कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाची गर्दी असते, भाज्याला लोहगडावरून उतरणारे असतात, बेडशाला बहुतेक वेळा आपण आणि वारा. वर पोचल्यावरही चैत्यगृह एकदम दिसत नाही. समोर मूळ कातळाचा मोठा भाग तसाच उभा राहिलेला आहे आणि त्यातून एक चिंचोळी वाट आत जाते. ती संपते तिथे मान वर करावी लागते. सुमारे पंचवीस फूट उंचीचे खांब. पायाशी घट, वर उलटी घंटा, आणि त्या घंटेवर हत्ती, घोडे, बैल यांच्यावर बसलेली स्त्रीपुरुषांची जोडपी. घोड्यांच्या माना अशा वळलेल्या की ते आत्ताच थांबलेत असं वाटावं.

या शिल्पांचं कौतुक पुष्कळ झालं आहे आणि ते योग्यच आहे. मला मात्र या ओसरीत आधी सुतार दिसतो. दर्शनी भिंतीवर कमानींच्या रांगा आहेत, आणि त्या कमानींच्या आत तुळयांची टोकं कोरलेली आहेत. खाली-वर कठड्याच्या पट्ट्या आहेत. त्यांत उभ्या दांड्यांमधून आडव्या पट्ट्या ओवल्यासारख्या दाखवल्या आहेत. लाकडी कुंपणात असतो तसा हा सांधा. अखंड बेसाल्टला यांतल्या कशाचीच गरज नाही. कातळ स्वतःच छत आहे, तुळई कोणता भार पेलणार? भाज्याचे खांब तर आतल्या बाजूला कललेले आहेत, कारण लाकडी कमानदार छताचा जोर बाहेरच्या बाजूला येतो आणि तो झेलायला खांब कलता रोवावा लागतो. दगडात त्या कलण्याला काही काम नाही, तरी ते आलं. बेडशाच्या छताला खऱ्या लाकडाच्या फासळ्याही होत्या. त्या आता गेल्या. कार्ल्याला अजून आहेत, आणि दोन हजार वर्षांपूर्वीचं ते सागवान डोक्यावर पाहताना अंगावर काटा येतो.

म्हणजे लाकूड जोडण्याचं, भार तोलण्याचं, मापं धरण्याचं एका धंद्यातलं ज्ञान दुसऱ्या धंद्यात उतरलं होतं. ते कुणा एकाच्या डोक्यात राहिलं असतं तर एवढ्या डोंगरांवर, दोन-तीनशे वर्षं, एकाच वळणाचं काम झालं नसतं. ते टिकवणारी, शिकवणारी, कामाला माणसं पुरवणारी काहीतरी व्यवस्था असणार. बेडशाला तिचं नाव कोरलेलं नाही. त्यासाठी आजूबाजूच्या डोंगरांवर जावं लागतं.

कार्ला बेडशाहून एका दिवसाच्या पायपिटीत येतो. तिथल्या दर्शनी भागावर एका सुताराचं नाव आहे : धेनुकाकटचा सामी, वेणुवासाचा मुलगा, 'वढकी'. त्याने दाराचं काम केलं. वढकी म्हणजे संस्कृतातला वर्धकी. विदर्भात सुताराला आजही वाढई म्हणतात, तो शब्द याच घरातला. आतल्या खांबांवर दात्यांची नावं आहेत. कितीतरी दाते धेनुकाकटचे आहेत आणि त्यांत यवनही आहेत. एका खांबावर मात्र कुणा माणसाचं नाव नाही. तो खांब धेनुकाकटच्या 'वाणियगामा'ने दिला, म्हणजे तिथल्या व्यापाऱ्यांच्या समूहाने. यवनांच्या, भिक्षूंच्या, गंध्यांच्या नावांमध्ये एक संघटना आपलं सामूहिक नाव कोरून उभी आहे, हे मला फार मोठं वाटतं.

कान्हेरीच्या मोठ्या चैत्यात याहून पुढची गोष्ट आहे. सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीच्या काळातला तो लेख आहे. दान दोन व्यापारी भावांचं, पण काम कुणी केलं तेही त्यात नोंदवलं आहे. देखरेख करणारे भिक्षू आहेत. त्यांच्यानंतर 'सेलवढकी' आहेत, म्हणजे दगडातले सुतार. मग 'मिठिक', म्हणजे घासून गुळगुळीत करणारे. आणखी दोन-तीन कामांची नावं आहेत, त्यांच्या अर्थाबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही. 'सेलवढकी' हा शब्द जरा तोंडात घोळवून पाहावा. दगड फोडणाऱ्याला दगडातला सुतार म्हणणाऱ्या त्या काळाला आपल्या तंत्राचा उगम ठाऊक होता. बेडशाच्या तुळयांचं कोडं त्या एका शब्दात सुटतं.

अशा धंदेवाल्यांच्या संघटनेला त्या काळचा शब्द श्रेणी. कुठे निकाय म्हणतात, व्यापाऱ्यांच्या मोठ्या मंडळाला निगम म्हणतात. प्रमुखाला पाली ग्रंथांत जेट्ठक किंवा पमुख म्हटलं आहे. जातककथांत अठरा श्रेणींचा उल्लेख वारंवार येतो. अठरा हा आकडा मोजून काढलेला नसावा. आपण अठरापगड म्हणतो तसा तो 'सगळ्या' या अर्थाचा असणार. श्रेणी म्हणजे जात, असंही सरसकट समजू नये. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाला राहून विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली. श्रेणीची त्याने दिलेली व्याख्या अशी की वेगवेगळ्या जातींच्या, पण एकाच प्रकारच्या कामावर जगणाऱ्या लोकांचा संघात. त्याच्या नजरेपुढे जन्म नव्हता, काम होतं.

या संघटना आतून कशा चालत असतील याची एक चुणूक समुद्दवाणिज जातकात मिळते. काशीजवळ सुतारांचं एक मोठं गाव होतं, हजार कुटुंबांचं. पलंग करून देतो, घर बांधून देतो, असं म्हणून त्यांनी लोकांकडून आगाऊ पैसे घेतले आणि कामं काही उरकेनात. घेणेकरी दाराशी बसू लागले. तेव्हा सगळे मिळून रानात गेले, झाडं पाडली, जहाज बांधलं, रात्रीतून बायकापोरं चढवली आणि समुद्रात निघून गेले. पुढे त्यांना एक बेट मिळालं. त्यांचे दोन प्रमुख होते, पाचशे-पाचशे कुटुंबांचे. एक शहाणा, एक मूर्ख. तिथे संकट आलं तेव्हा शहाण्याच्या मागे गेलेले वाचले. कथेचं धार्मिक तात्पर्य बाजूला ठेवलं तरी तिच्यातला व्यवहार खराच वाटतो. आगाऊ रक्कम, मुदत न पाळणं, गिऱ्हाइकांचा तगादा, आणि संकटात गट म्हणून एकत्र हलणं. घर बांधायला सांगितलेल्या सुतारांना जहाजही बांधता येतं, हा तपशील त्या कथाकाराने सहज सोडून दिला आहे.

मोबदल्याची वाटणी कशी करायची याचे नियम बृहस्पती आणि कात्यायन यांच्या नावावर असलेल्या स्मृतिवचनांत सापडतात. कारागिरांच्या चार पायऱ्या : शिकाऊ, जाणता, कुशल आणि आचार्य. त्यांचे वाटे अनुक्रमे एक, दोन, तीन, चार. वाडा किंवा देऊळ बांधायला जो गट जातो त्याच्या मुख्याला दोन वाटे. म्हणजे शिकाऊ पोराला आचार्याच्या चौथाई मिळायची. विनामोल राबवून घ्यायची मुभा नव्हती. समूहाच्या हिताचं बोलणारे दोन, तीन किंवा पाच जण कामकाज पाहण्यासाठी नेमावेत, असंही बृहस्पती सांगतो. समूहाचा पैसा लाटणाऱ्याला आणि समूहाचा करार मोडणाऱ्याला याज्ञवल्क्याने सांगितलेली शिक्षा कडक आहे : सर्वस्व काढून घेऊन देशाबाहेर घालवणं. ही वचनं बेडशापेक्षा बरीच नंतरची आहेत आणि शास्त्रात लिहिलं ते सगळं गावात घडलं असं मानायचं कारण नाही. तरी एवढ्या बारकाईने नियम लिहिले गेले, कारण ज्यांच्यासाठी लिहायचे ते संघ खरोखर होते, मोठे होते, आणि त्यांच्यात भांडणंही होत होती.

पण श्रेणीचं सगळ्यांत मोठं काम मला कारागिरी वाटत नाही. ते समजायला पुसणकाच्या गावी, नाशिकला, जायला हवं.

नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरावर, ज्याला आपण पांडवलेणी म्हणतो, दहाव्या लेण्यात उषवदाताचे लेख आहेत. उषवदात हा क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई. वर्ष ४२, महिना वैशाख. त्याने हे लेणं भिक्षुसंघाला दिलं आणि सोबत ३००० कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, ठेव ठेवली. शब्द आहे 'अखयनिवी', कधीही न संपणारी गंगाजळी. ही ठेव राजाच्या खजिन्यात नाही आणि मठाच्या तळघरातही नाही. ती आहे गोवर्धन नगरातल्या श्रेणींकडे. कोष्ट्यांच्या एका निकायाकडे २०००, दुसऱ्या निकायाकडे १०००. पहिल्याचं व्याज दरमहा शेकडा एक, दुसऱ्याचं शेकडा पाऊण. लेखातला शब्दच 'पायुन' आहे. आपल्या बाजारातला पाऊण इतका जुना आहे हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा लेखाच्या पाठाचं ते पान मी बराच वेळ मिटलंच नव्हतं.

हिशेब चोख बसतो. २००० वर दरमहा २०, वर्षाचे २४०. लेण्यात पावसाळा काढणाऱ्या वीस भिक्षूंना दरेकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. वीस बारे दोनशे चाळीस. १००० वर पाऊण टक्क्याने वर्षाचे ९०. ते 'कुशणमूला'साठी, म्हणजे किरकोळ खर्चासाठी, असा अर्थ अभ्यासक लावतात. मूळ रक्कम परत मागायची नाही, फक्त व्याज भोगायचं, हेही स्पष्ट लिहिलं आहे. आणि मग सगळ्यांत महत्त्वाची ओळ येते : हे सर्व निगमसभेत वाचून ऐकवलं आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवलं. व्यवहार उघड, साक्षीदार म्हणजे भरलेली सभा, आणि नोंद कायमची.

कोष्टी या पैशांचं काय करत असतील? सूत घेत असतील, माग वाढवत असतील, हंगाम नसताना घरं चालवत असतील. भिक्षूला चीवर हवं आणि ते विणणाऱ्याकडेच त्याच्या चीवराचा पैसा वाढतो आहे. अशी साखळी जुळवणाऱ्याला अर्थव्यवहार कळत होता. दोन निकायांचे दर वेगळे आहेत, याचा अर्थ दर वरून लादलेला नव्हता, प्रत्येकाशी बोलून ठरला होता.

जुन्नरला हेच चित्र लहान आकारात दिसतं. तिथे धान्यवाल्यांच्या श्रेणीने स्वतःच सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याची पोढी खोदून दिली. दुसऱ्या एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे पैसे गुंतवल्याची नोंद आहे. बुरूड आणि कासार. आज ज्या घरांच्या दाराशी बँकेचा माणूस कर्जाला तारण काय म्हणून विचारतो, त्या घरांचे पूर्वज ठेवी घेत होते.

आता त्या काळची उलथापालथ पाहा. नहपानाचं राज्य टिकलं नाही. सातवाहन गौतमीपुत्र सातकर्णीने त्याचा पाडाव केला. नाशिकजवळच्या जोगळटेंभीला १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३,२५० नाणी, सगळी नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला होता. शत्रूचा चेहरा ठोकून त्यावर आपली खूण उमटवायची, राज्य बदललं हे याहून ठळक कसं सांगणार?

जमिनीचंही तसंच झालं. उषवदाताकडे असलेलं २०० निवर्तनांचं शेत गौतमीपुत्राने आपल्या अठराव्या वर्षी नव्या हुकमाने भिक्षूंना दिलं. आपल्या मावळातही असंच घडलं. कार्ल्याच्या भिक्षूंना उषवदाताने करजिक गाव दिलं होतं. सातवाहनांच्या राज्यात त्याच गावासाठी मामालच्या अमात्याला नवा आदेश निघाला. मामाल म्हणजे आपला मावळ. गाव तेच, भिक्षू तेच, पण जुन्या राजाच्या शब्दावर नवा राज्यकर्ता चालणार नाही, म्हणून पुन्हा लिहावं लागलं.

कोष्ट्यांकडच्या ठेवीसाठी असा दुसरा हुकूम नाशिकच्या भिंतींवर नाही. माझा तर्क असा की त्याची गरज पडली नाही. जमीन राजाची म्हणून दान दिली जात होती, तेव्हा राजा बदलला की प्रश्न उठायचा. श्रेणीचा शब्द राजाच्या सत्तेवर उभा नव्हता. माग तेच, माणसं तीच, निगमसभा तीच. क्षत्रप असोत की सातवाहन, चीवर विणायला गोवर्धनचेच कोष्टी लागणार. नहपानाचा जावई इतका सत्तावान होता, पण त्याने टिकाऊपणासाठी पैसा कोष्ट्यांच्या हाती दिला, सासऱ्याच्या कोषात नाही. आपली सत्ता किती दिवसांची हे त्याला ठाऊक असावं.

वैशालीला, आजच्या बसाढला, पुढच्या गुप्तकाळातल्या मातीच्या मुद्रांचा मोठा साठा सापडला. त्यांतल्या पुष्कळ मुद्रांवर श्रेष्ठी, सार्थवाह आणि कुलिक, म्हणजे सावकार, तांडेवाले आणि कारागीर, यांच्या एकत्रित निगमाचं नाव आहे. १९०३-०४ च्या उत्खननाचा अहवाल लिहिताना पुरातत्त्वज्ञ ब्लॉख यांना त्यावरून आधुनिक चेंबर ऑफ कॉमर्सची आठवण झाली. तुलना अगदीच चुकीची नव्हती. १९३४ साली पुण्यात ए. आर. भटांनी मराठा चेंबर उभं केलं, १९६५ साली संगणकवाल्यांची कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया झाली आणि रंगस्वामी नरसिंहन तिचे पहिले अध्यक्ष झाले, १९८८ साली सॉफ्टवेअर कंपन्यांची नॅसकॉम निघाली. बेडशाच्या पायथ्यापासून हिंजवडी तासाभरावर आहे आणि तिथल्या हजारो तरुणांच्या कंपन्यांचा आवाज दिल्लीत पोचतो तो अशाच संस्थांमार्फत. सरकारशी बोलणं, कामाचा दर्जा ठरवणं, नव्यांना शिकवणं, ही कामं श्रेणीही करत होती. पण श्रेणी आपल्या लोकांचे तंटे सोडवत होती, शिकाऊ पोराचा वाटा ठरवत होती, परक्याची ठेव पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत होती. आजच्या तंत्रज्ञांच्या संस्थांनी यांतलं काय उचलावं हा प्रश्न मला जुनापुराणा वाटत नाही. नोकरीवर नव्याने लागलेल्या मुलाचा वाटा किती, हे ठरवायला त्याच्या बाजूने बसणारं कुणी आहे का, एवढंच विचारून पाहावं.

मंदसोरच्या रेशीमकारांचं उदाहरणही इथे आठवतं. लाट देशातून, म्हणजे दक्षिण गुजरातेतून, रेशीम विणणाऱ्यांची एक श्रेणी उठून दशपुराला, म्हणजे मंदसोरला, गेली. नव्या गावी त्यांच्यातल्या काहींनी माग सोडून ज्योतिष धरलं, काहींनी धनुर्विद्या. तरी श्रेणी म्हणून ते एकत्र राहिले. इसवी सन ४३७ मध्ये त्यांनी सूर्याचं देऊळ बांधलं आणि ४७३ मध्ये त्याची डागडुजीही केली. धंदा सुटला तरी संघ सुटला नाही.

आता ज्या श्रेणीमुळे मला हा लेख लिहावासा वाटला तिच्याकडे येतो.

पांडवलेण्यांच्या त्याच दहाव्या लेण्यात आणखी एक लेख आहे, उषवदाताच्या नंतर शंभराहून अधिक वर्षांनी कोरलेला. क्षत्रप गेले होते, सातवाहनही गेले होते. राज्य आभीरांचं होतं, राजा माढरीपुत्र ईश्वरसेन, त्याचं नववं वर्ष. दान देणारी विष्णुदत्ता नावाची उपासिका आहे. ती शक अग्निवर्म्याची मुलगी, गणपक रेभिलाची बायको, गणपक विश्ववर्म्याची आई. गणपक म्हणजे बहुधा हिशेबनीस म्हणावा तसा कारभारी. तसं असेल तर नवरा आणि मुलगा दोघेही आकड्यांतले, तेव्हा पैसा कुठे सुरक्षित राहील हे त्या घरात नीट कळत असणार. तिचा हेतू एकच : त्रिरश्मीच्या विहारात राहणाऱ्या आजारी भिक्षूंना औषध मिळत राहावं, ते कोणत्याही दिशेने आलेले असोत.

त्यासाठी तिने कुलरिकांच्या, म्हणजे बहुधा कुंभारांच्या, श्रेणीकडे १००० कार्षापण ठेवले. तेल्यांच्या श्रेणीकडेही ठेव ठेवली. आणि २००० कार्षापण, कुंभारांच्या दुप्पट, ठेवले 'ओदयंत्रिक' श्रेणीकडे. उदक आणि यंत्र. पाण्याची यंत्रं करणारे.

अठराशे वर्षांपूर्वी नाशिकच्या परिसरात यंत्र बनवणाऱ्या तंत्रज्ञांची नोंदलेली, नावाजलेली, ठेवी घेणारी संघटना होती. आपल्या मराठी मुलखातल्या तंत्रज्ञांच्या संघटनांचा इतिहास लिहायचा तर तो इथून सुरू करावा, असं माझं ठाम मत आहे. 

पाणी वर काढण्याची यंत्रं त्या काळी नवी नव्हती. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात भिक्षूंना विहिरीचं पाणी काढताना त्रास व्हायला लागला तेव्हा तीन साधनांना परवानगी दिल्याचं येतं : तुला, म्हणजे ओकतीसारखा तरफेचा दांडा, करकटक, म्हणजे ओढून पाणी काढण्याची मोटेसारखी रचना, आणि चक्कवट्टक, म्हणजे फिरतं चाक. आपला रहाट हा शब्द संस्कृतातल्या अरघट्टावरून आला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पाण्यावरच्या सरकारी हिश्शाचे दर दिले आहेत. हाताने वाहून शेत भिजवलं तर उत्पन्नाचा पाचवा भाग, खांद्यावरून वाहून आणलं तर चौथा, स्रोतोयंत्राने पाणी खेळवलं तर तिसरा. यंत्राला सगळ्यांत चढा दर. यंत्राने पीक किती वाढतं हे राज्याने मोजलेलं होतं, त्याशिवाय असा चढता दर लागत नाही.

यंत्र करणाऱ्याचं काम एका धंद्याचं नसतं. लाकूड सुताराचं, आस आणि खिळे लोहाराचे, मडकी कुंभाराची, दोर कुणा दुसऱ्याचा. ते सगळं एका मापात बसवून चाक फिरतं करणारा जो, तो ओदयंत्रिक. यंत्र बसवलं की संपलं असंही नाही; ते दर हंगामात बिघडतं, दात झिजतात, दुरुस्तीला पुन्हा त्यालाच बोलवावं लागतं. म्हणून त्याची मिळकत वर्षभर चालते. विष्णुदत्तेने सगळ्यांत मोठी रक्कम तिथे ठेवली, त्यामागे हेच कारण असावं असं मला वाटतं. कुंभाराची मडकी फुटतील तेव्हा विकली जातील, तेल्याचा घाणा तीळ आले तर फिरेल, पाणी मात्र रोज लागतं.

बेडशाला पाण्याचा असाच एक लेख आहे. विहाराच्या बाजूला कातळात टाकी खोदलेली आहेत आणि एका टाक्यावर सामडिनिका नावाच्या स्त्रीचं दान कोरलेलं आहे. ती महाभोजाची मुलगी आणि आपदेवणक नावाच्या महारठीची बायको, महारठिनी. महाभोज कोकणातले, कुड्याच्या लेण्यांत त्यांची नावं भेटतात. महारठी घाटावरचे. कोकणातली लेक घाट चढून मावळात नांदायला आली आणि तिने बेडशाच्या डोंगरावर पाणी अडवून दिलं. त्याच डोंगरावर गोभूती नावाच्या अरण्यवासी भिक्षूचा स्तूप त्याच्या शिष्याने करवला. लेखात त्याला मारकुडचा रहिवासी म्हटलं आहे. हेच बेडशाच्या डोंगराचं जुनं नाव असावं. मार्च-एप्रिलमध्ये सगळा मावळ पिवळा पडलेला असताना मी त्या टाक्यात पाणी पाहिलं आहे. टाकं नेमकं कुठे खोदलं म्हणजे झरा लागेल, पावसाचं पाणी कातळावरून कुठल्या पन्हळीने आत आणायचं, हे ठरवणारा माणूसही सेलवढकीच. सामडिनिकेचं नाव राहिलं, त्याचं राहिलं नाही.

बेडशाच्या चैत्यात १८६१ पर्यंत रंगीत चित्रांचे अवशेष होते, असं जुन्या गॅझेटियरमध्ये नोंदलेलं आहे. कुणी बडा अधिकारी पाहायला येणार म्हणून स्थानिक कारभाऱ्यांनी लेणं साफ करून चुन्याने रंगवून घेतलं आणि चित्रं गेली. रंगाऱ्यांचीही श्रेणी असेल. त्यांनी कुठे सही केली असेल तर तीही त्या चुन्याखाली गेली. हे वाचलं की माझा जीव तुटतो, कारण या डोंगरावर सही करणारे तिघेच उरले आहेत : नाशिकचा पुसणक, गोभूतीचा शिष्य आणि सामडिनिका.

विष्णुदत्तेच्या लेखात ठेवीची जागा सांगताना एक शब्द आहे, 'आगतानागतासु'. गोवर्धनात राहणाऱ्या श्रेणींकडे, आलेल्या आणि अजून न आलेल्या, असा त्याचा अर्थ. ठेव जिवंत माणसांकडे आहे, आणि जी माणसं अजून जन्मायची आहेत त्यांच्याकडेही. शकाची मुलगी, आभीर राजाचं राज्य, औषध कुठूनही आलेल्या भिक्षूला, आणि पैसा रहाट करणाऱ्यांच्या हाती. लेखाचा दगड आता बराच झिजला आहे. काही अक्षरं बोटाने चाचपूनही लागत नाहीत. 'ओदयंत्रिक' मात्र अजून वाचता येतं.